शास्त्र विषय घेतला तेव्हा

इंग्रजी पाचवी, म्हणजे आताची नववी, संपली की आमच्या शाळेत विषय निवडीचा कागद भरून द्यावा लागे. ही नगरची मुलींची शाळा. मी कोल्हारची, शाळेच्या बोर्डिंगात राहायचे. कागदावर दोन रकाने असत. एकात गृहशास्त्र आणि सोपं अंकगणित, दुसऱ्यात शास्त्र आणि बीजगणित-भूमिती. दुसरा रकाना नावालाच होता. शाळेत शास्त्र शिकवायला कोणी नव्हतं, प्रयोगशाळा नव्हती, त्यामुळे सगळ्या मुली पहिलाच रकाना भरत.

मला डॉक्टर व्हायचं होतं. तोवर हे मी एकाच माणसाला सांगितलं होतं, मिशनच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना. हिवतापाने त्यांच्या वॉर्डात आठ दिवस पडून होते, तेव्हा. त्या हसल्या नाहीत. खाटेच्या कडेला टेकल्या आणि म्हणाल्या, "मग आत्तापासून नीट ऐक. मॅट्रिकला शास्त्र घे आणि बीजगणित सोडू नकोस. पुढे इंटर सायन्सला जीवशास्त्र. तिथे निदान दुसरा वर्ग हवा, पहिला मिळाला तर उत्तम. तिसऱ्या वर्गावर मेडिकलच्या दारात कोणी उभं करणार नाही." मी दुसरा रकाना भरला.

मुख्याध्यापिकाबाईंनी वडिलांना बोलावून घेतलं. वडील कोल्हारच्या मराठी शाळेत मास्तर होते, चौथीपर्यंतच्या मुलांना शिकवायचे. शास्त्र हा विषय त्यांच्या स्वतःच्या शिक्षणात कधी आलाच नव्हता.

"मास्तर, मुलगी हुशार आहे," बाई म्हणाल्या. "गृहशास्त्र घेतलं तर पहिली येईल. नर्सिंगला जाईल, शिक्षिका होईल. शास्त्रात नापास झाली तर मॅट्रिकच हुकेल. आणि शिकणार कुठे?"

"बाई, मुलांच्या हायस्कुलात शिकवतात ना?"

"तिथे एकही मुलगी नाही."

"ही जाईल," वडील म्हणाले, आणि मग माझ्याकडे वळून, "जाशील ना गं?"

मी मान हलवली. बाई कडक होत्या, पण अन्यायी नव्हत्या. त्यांनी स्वतःच्या हाताने त्या शाळेला चिठ्ठी लिहिली. अट एकच घातली, सहामाहीत शास्त्रात पास व्हायचं, नाहीतर मुकाट्याने गृहशास्त्राच्या वर्गात परत.

जूनपासून रोज दुपारी बोर्डिंगच्या मावशी मला मुलांच्या शाळेत घेऊन जायच्या आणि तास संपेपर्यंत बाहेर व्हरांड्यात विणत बसायच्या. पहिल्या दिवशी मी वर्गात पाऊल टाकलं तशी सगळी कुजबुज थांबली. शास्त्राच्या सरांनी पुढच्या टेबलाजवळ एक स्टूल ठेवलं. प्रयोग जोडीने करायचे असत. माझ्याबरोबर कोणी जोडी करेना. सरांनी परीक्षानळी स्वतः धरली, स्पिरिटचा दिवा माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "चला, आपण दोघं."

तरी व्हायचं तेच झालं. सहामाहीत मला शास्त्रात अठ्ठावीस मार्क पडले.

वडिलांना पुन्हा बोलावणं गेलं. लढाईचे दिवस, पेट्रोल मिळत नसे, मोटारी कोळशाच्या गॅसवर चालत. वडील आले ते टोपीवर, कपाळावर काजळी घेऊन. मला वाटलं, रागावतील. त्यांनी माझी उत्तरपत्रिका मागितली आणि बाईंच्या समोरच्या खुर्चीत बसून पहिल्यापासून वाचायला घेतली. एका ठिकाणी थांबले.

"लोखंड गंजल्यावर त्याचं वजन वाढतं की घटतं, असं विचारलंय. तू घटतं लिहिलंस. चूक कसं?"

"मला नाही सांगता येत," मी म्हणाले. "सरांनी चूक म्हटलंय."

"मीसुद्धा घटतं असंच लिहिलं असतं." ते बाईंकडे वळले. "बाई, वार्षिकपर्यंत मुदत द्या. मी हिचा अभ्यास घेतो."

"तुम्ही? शास्त्राचा?"

"मला येत नाही, म्हणूनच घेतो. माझ्यासारख्याला कळेल असं हिला सांगता आलं, म्हणजे हिला आलं."

बाईंनी उत्तरपत्रिका परत मागून घेतली. मग म्हणाल्या, "वार्षिकपर्यंत. त्यापुढे एक दिवस नाही."

त्या आठवड्यापासून दर सोमवारी वडिलांचं कार्ड येऊ लागलं. त्यात खुशाली एका ओळीत आणि बाकी प्रश्न. पाणी उकळताना बुडबुडे तळातूनच का येतात? चुनखडीवर लिंबू पिळलं तर फेस कसला? मी सरांना विचारायचे, पुस्तकात शोधायचे, आणि बुधवारच्या टपालाने उत्तर धाडायचे. उत्तर पटलं नाही तर पुढच्या कार्डावर तोच प्रश्न पुन्हा येई, खाली रेघ मारून. एक उत्तर तर मला तीनदा लिहावं लागलं.

गंजाच्या प्रश्नाचा निकाल मात्र त्यांनी स्वतः लावला. पंचवीस खिळे एका वाटीत घालून सोनाराकडे नेले, त्याच्या तराजूत वाटीसकट तोलून घेतले. मग महिनाभर खिळ्यांवर पाणी शिंपडत राहिले. गंजाचा एक कपचासुद्धा वाटीबाहेर पडू दिला नाही. कडक उन्हात खडखडीत वाळवून पुन्हा तोलले. कार्ड आलं, "वजन दोन गुंजा वाढलं. सोनार म्हणतो तराजू बिघडला, मी म्हणतो हवेतलं काहीतरी लोखंडाला चिकटलं. कोण खरं?" त्या दिवशी मी ते कार्ड घेऊन धावतच सरांकडे गेले. सरांनी ते वर्गात मोठ्याने वाचून दाखवलं. पोरं हसतील म्हणून मी खाली मान घालून बसले होते. कोणी हसलं नाही. दुसऱ्या दिवशी प्रयोगाच्या वेळी दोन मुलं माझ्या टेबलाशी आली आणि म्हणाली, "आमच्यात येता का?"

नाताळात घरी गेले तर आई म्हणाली, "तुजं कार्ड आलं की आदी पोष्टमन वाचतो, मंग सोनार, मंग आमच्या हातात. साऱ्या गावाला ठावं झालंय, हवेत काय काय आस्तं ते!"

वार्षिकला बावन्न मार्क मिळाले. बाईंनी प्रगतिपुस्तकावर सही केली आणि गृहशास्त्राचं नाव पुन्हा काढलं नाही. मॅट्रिकला शास्त्रात चौऱ्याहत्तर पडले. त्या साली मुलांच्या हायस्कुलातही कुणाला तेवढे नव्हते. हे सांगायला शास्त्राचे सर स्वतः आमच्या शाळेत आले. पुरुष माणूस फाटकातून आत आला म्हणून मुली खिडक्यांत गोळा झाल्या. सर बाईंना म्हणाले, "आणखी असतील तर पाठवा." पुढच्या जूनला बाईंनी चार पाठवल्या.

पुण्याला इंटरला जीवशास्त्र घेतलं, बेडूक चिरायला शिकले, आणि पहिल्या वर्गात आले.

मेडिकल कॉलेजचं पत्र कोल्हारला आलं तेव्हा वडील शाळेत होते. आई कधी शाळेची पायरी चढली नव्हती. त्या दिवशी ती पदर सारखा करत पाकीट घेऊन तडक वर्गात गेली, मी तिच्या मागे. वडिलांनी पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. पोरांचे पाढे चालू होते, ते पुरे करून घेतले.

घरी आल्यावर आई म्हणाली, "आता मला वाचून दावा. सावकाश. एक अक्षर गाळू नका."

त्यांनी इंग्रजीचं मराठी करत, अडखळत, सगळं वाचलं.

"किती वर्सं हायेत?" आईने विचारलं.

"पाच."

"होऊ द्या पाच," ती म्हणाली. "आपली पोर हाय ती. करंल."