अक्काच्या सहा टेबलांवर

मी डायरी वगैरे लिहिणारा माणूस नाही. पण सहा टेबलांच्या एकाच हॉटेलात आठवड्यातून चार वेळा जेवलं की किस्से आपोआप साठतात. फ्रिजमध्ये उरलेल्या चटणीच्या वाट्या साठतात ना, तसे! कधीतरी बाहेर काढाव्याच लागतात, नाहीतर नव्याला जागा राहत नाही.

हॉटेल बंगलोरला मारतहळ्ळीच्या एका गल्लीत, माझ्या फ्लॅटपासून चालत चार मिनिटांवर. चालवते अक्का, मूळची कारवारची. कोकणी, कन्नड आणि मराठी ती एकाच वाक्यात बोलते आणि तिन्ही भाषांत सारखीच फटकळ आहे. तिचे यजमान वसंतअण्णा गल्ल्यावर बसतात आणि अगदी गरजेपुरतं बोलतात. मेन्यूकार्ड नाही. कारवारच्या बसनं जे मासे येतील त्यांचं काय करायचं ते अक्का सकाळी ठरवते आणि फळ्यावर खडूनं लिहिते. रस्सा-भात रोजचा, पण सगळ्यात खाली एक ओळ असते, 'आजचं नवीन'. कधी तांदळाच्या अक्की रोटीत तिसऱ्यांचे शिंपले, कधी बेकरीच्या खारा बनमध्ये बांगडा. हे सुचतं कसं विचारलं तर म्हणाली, "मासा एका दिवसात शिळा होतो बाबा. डोकं भरभर चालवावंच लागतं."

* * *

मी पहिल्यांदा तिथं गेलो ती गोष्ट.

पुण्याहून येऊन आठवडा झाला होता. बाहेरची पाटी कन्नडमध्ये, पण तळलेल्या बांगड्याचा वास अस्सल मातृभाषेतला! आत जाण्याआधी ऑफिसातल्या एका कन्नड मित्राला फोन करून मी वाक्य पाठ केलं. 'ननगे मीनु बेकु', म्हणजे मला मासे हवेत.

आत शिरलो. समोर अक्का, हातात झारा, कपाळावर आठ्या. माझी फे फे उडाली. मधले शब्द गळले आणि मी छाती पुढे काढून म्हणालो, "नानु मीनु!"

म्हणजे, मी मासा आहे.

अक्कानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि स्वच्छ मराठीत म्हणाली, "मग आत कशाला आलास? पळ! तवा तापलाय!"

* * *

माझा फ्लॅटमेट निखिल नागपूरचा. मटणाच्या रश्श्यात वाढलेला. मासा म्हणजे काट्यांना अधूनमधून लावलेलं मांस, असं त्याचं मत. मी जेवायला अक्काकडे गेलो की तो समोर सोलकढी पीत बसायचा.

एका रविवारी आम्ही गेलो तर गल्ल्याजवळच्या परातीत गरमागरम जिलब्या! केशरी, कुरकुरीत, वेटोळ्या वेटोळ्या. निखिलचा जीव गोडात. कुणाला काही न विचारता त्यानं एक उचलली आणि अख्खी तोंडात घातली.

ते त्या दिवशीचं 'आजचं नवीन' होतं. ओल्या बोंबलाच्या पट्ट्या पिठात घोळवून, वेटोळ्या करून तळलेल्या, वरून कोकम आणि लाल मिरचीचा पाक.

निखिल चावायचा थांबला. डोळे मोठे झाले. अक्का दारात येऊन उभी राहिली. सहाही टेबलांवरची माणसं त्याच्याकडे बघायला लागली. त्यानं सावकाश गिळलं, पाणी प्यायला, आणखी एक जिलबी उचलली आणि म्हणाला, "वाईट नाही हो अक्का. पण आधी सांगायचं ना, तोंड वेगळ्या तयारीत होतं!"

पाच मिनिटांनी फळ्यावर अक्षरं उमटली. 'बोंबील जिलबी. तोंड तयार ठेवून येणे.'

* * *

केतकी आमच्या ऑफिसातली, मुंबईची. माशांच्या बाबतीत तिचा शब्द शेवटचा, असं ती स्वतःच सांगते. आधी अक्काकडे यायलाच तयार नव्हती. "बंगलोरला समुद्र आहे का? मग?" विषय संपला!

शेवटी आली ती नेमकी जुलैत. पावसाळ्यात मासेमारीला बंदी, बसमधून काहीच येत नाही. पण अक्का म्हणाली, बसा. आणि लाल मसाला लावलेल्या, रव्यात घोळवलेल्या, कडेनं कुरकुरीत तुकड्यांची प्लेट समोर आली.

केतकीनं एक तुकडा तोडला. डोळे मिटून चावला. परीक्षा अक्काची होती.

"मान्य!" केतकी म्हणाली. "सुरमई आहे. ताजी आहे. बर्फातली नाही, हे पहिल्या घासाला कळतं. आमच्या घरी लहानपणापासून..." आणि तिनं सुरमईवर दहा मिनिटं व्याख्यान दिलं. पोटाकडचा तुकडा कसा ओळखायचा, तेही सांगितलं. अक्का हात पुसत पूर्ण ऐकत होती.

"अर्धं बरोबर ओळखलंस गं," अक्का शेवटी म्हणाली. "'सुर'पर्यंत."

"म्हणजे?"

"सुरण आहे."

* * *

एकदा अक्कानं मला कामाला लावलं. वसंतअण्णांचा पाय मुरगळला होता, म्हणून बसवरून खेकड्यांचं पोतं मी आणायचं ठरलं. जिवंत खेकडे, अकरा. सकाळी रिक्षा केली. रिक्षावाला मंजुअण्णा मोठा बोलका, स्वल्प हिंदी, स्वल्प कन्नड, बाकी हातवारे.

मारतहळ्ळीच्या पुलाखाली ट्रॅफिक असा अडकला की इंजिन बंद करून लोक खाली उतरले. त्याच वेळी माझ्या पायाला काहीतरी लागलं. पोत्याची सुतळी सुटली होती!

पुढचा अर्धा तास मी आणि मंजुअण्णा रिक्षात वाकून खेकडे धरत होतो. एक मीटरवर चढला. एक शेजारच्या कारखाली गेला, तर आतला सूटबूटवाला खाली उतरून लॅपटॉपच्या बॅगेनं त्याला आमच्याकडे हाकलायला लागला. मागचे लोक हॉर्न वाजवायचे थांबले आणि "राइट! राइट! सीटखाली!" असं मार्गदर्शन करू लागले.

हॉटेलात पोहोचलो. अक्कानं मोजले. दहा.

"अकरावा?"

"अक्का, बंगलोर मोठं शहर आहे," मी म्हणालो.

संध्याकाळी दारात मंजुअण्णा हजर! हातात प्लास्टिकचा डबा, झाकणाला भोकं पाडलेली, आत ओलं फडकं आणि अकरावा. सीटच्या मागे बसून तो खेकडा दिवसभर बेळ्ळंदूर, इंदिरानगर, पुन्हा बेळ्ळंदूर असा हिंडला होता. मंजुअण्णाच्या प्रामाणिकपणावर अक्का इतकी खूश झाली, की म्हणाली, "बस अण्णा. मस्त खेकड्याचा रस्सा करून घालते."

मंजुअण्णा बसला. मग डब्याकडे बघून हळूच म्हणाला, "अक्का, हा नको हं. दुसरा कुठला पण चालेल."

* * *

एक आठवडा मात्र आमचे चेहरे उतरले होते. इंदिरानगरमधल्या एका बड्या हॉटेलचा मॅनेजर अक्काच्या हातचं जेवून गेला आणि त्यानं तिला थेट नोकरी देऊ केली. एसी किचन, पांढरा कोट, रविवारची सुट्टी. वीस वर्षं भट्टीपुढे उभं राहून अक्काचे गुडघे गेलेत. जाऊ नको म्हणायचं आम्हाला तोंड नव्हतं. ती ट्रायलला गेली. शटर बंद. वसंतअण्णा बाहेर पायरीवर बसून असायचे. मी एकदा जाऊन नुसता शेजारी बसलो.

तिसऱ्या दिवशी शटर अर्धं वर! मी वाकून आत गेलो. अक्का नारळ खवत होती.

"काय झालं अक्का? भांडण?"

"भांडण कसलं! माणसं चांगली होती." ती थोडी ओशाळली. "तिथं एवढी मोठी प्लेट. मध्ये एवढासा मासा, बाजूला हिरवा डाग. अशा आठ प्लेटा ओट्यावर मांडलेल्या. मला वाटलं, लोकांनी खाऊन टाकलेल्या. मी सगळ्या घासायला घेतल्या!"

वसंतअण्णा खाली मान घालून हसत होते. मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघितलं.

* * *

आणि हा कुलकर्णी काकांचा.

काका बेळगावचे, बँकेतून रिटायर, पूर्ण शाकाहारी. कांदा-लसूणसुद्धा घरात चातुर्मासात बंद. तरी दर गुरुवारी दुपारी एक वाजता ते अक्काकडे येणार म्हणजे येणार. नीरफणसाची तळलेली कापं, सोलकढी, भात. त्यांच्यासाठी अक्कानं वेगळा तवा ठेवलाय. माशाला ते बोटसुद्धा लावत नाहीत, पण माशाच्या हॉटेलात जातात हे काकूंना कळलं तर? "घरात घेणार नाही की ओ ती!" असं ते खरोखर घाबरून सांगायचे. घरी सांगायचे, फिरायला जातो. पिशवीत दुसरा शर्ट आणायचे. जेवण झालं की मोरीत जाऊन शर्ट बदलायचे, अत्तर लावायचे, बडीशेप खायचे, मग घरी.

त्या गुरुवारी मी त्यांच्याच टेबलावर होतो. कापं नुकतीच आली होती. काकांनी दाराकडे बघितलं आणि त्यांचा घास हातातच राहिला.

दारात काकू!

नऊवारी नव्हे, पण इस्त्रीची साडी, गळ्यात तुळशीची माळ, हातात छत्री. मी त्यांना सोसायटीच्या गणपतीत बघितलं होतं, म्हणून ओळखलं. काकांनी माझं वर्तमानपत्र ओढून तोंडापुढे धरलं. उलटं. "संपलं," ते आतून पुटपुटले. "बेचाळीस वर्षांचा संसार."

काकू आत आल्या. कुणाला शोधत नव्हत्या. सरळ कोपऱ्यातल्या पंख्याखालच्या टेबलाकडे निघाल्या.

वसंतअण्णांनी गल्ल्यावरून मान वर केली आणि किचनकडे वळून हाक दिली, "अक्का, वहिनी आल्या! बांगडा तिखला, मीठ कमी!"

वर्तमानपत्र खाली आलं.

दोघांची नजरानजर झाली. हॉटेलात कुणी चावतसुद्धा नव्हतं. मग काकू दोन पावलं पुढे आल्या, चष्मा सारखा केला आणि काकांच्या ताटात वाकून बघितलं.

"हे काय?"

"नी... नीरफणस," काका म्हणाले. "शपथ!"

काकूंनी छत्री टेबलाला टेकवली. समोरची खुर्ची ओढून बसल्या.

"अहो, इथं येऊन तुम्ही फणस खाता?"