मनगटावरचा पांढरा पट्टा

"ते घड्याळ काढायला सांग त्यांना."

सर माझ्याशी बोलत होते. आई समोरच उभी होती, पण तिच्याशी थेट बोलायचं त्यांना सुचलं नाही. दौंडच्या बौद्धवस्तीतलं आमचं दोन खोल्यांचं घर. मी पुण्यात फोटोग्राफी शिकत होते, शेवटचं वर्ष. सरांना प्रदर्शनासाठी "अस्सल जगणं" हवं होतं आणि मीच त्यांना मोठ्या हौसेनं घरी आणलं होतं. हौस कसली, मार्कांचा लोभ.

आई शाळेत शिपाई. शाळेची घंटा तिच्या हातात. पहिल्या पगारातून घेतलेलं ते घड्याळ ती अंघोळीपुरतंच काढायची. त्या दिवशी तिनं निळ्या काठांची साडी नेसली होती. सरांना म्हणाली, "सर, आदी माझा एक चांगला फोटु काढा. भिंतीवर लावाया माझा एकबी न्हाई."

सरांनी कॅमेरा डोळ्याला लावला. लख्खकन उजेड पडला. आई खूश. मला मात्र दिसलं, सरांनी फ्लॅशचं बटण दाबलं होतं, कॅमेऱ्याचं नाही. लग्नात फोटोवाले मागे लागणाऱ्या पाहुण्यांना असंच गप्प करतात, नुसता उजेड मारून. रोल वाचतो. सरांनी माझ्याकडे बघून डोळा मारला. आणि मी हसले. ते हसू आठवलं की आजही तोंड कडू होतं.

मग साडी. "जुनी, फाटकी नाही का एखादी?" नेसायची फाटकी साडी आमच्या घरात नव्हतीच. गोधडीसाठी बांधून ठेवलेल्या बोचक्यातून मी एक विटकं लुगडं ओढून काढलं. आई ते निमूट नेसली. मग घड्याळ. तेही मीच तिच्या हातातून सोडवलं. त्यानंतर रोल संपेपर्यंत खरे फोटो निघाले.

पुण्यातल्या प्रदर्शनाला आई सकाळच्या पॅसेंजरनं आली. तीच निळ्या काठांची साडी, हातात घड्याळ. आल्या आल्या विचारलं, "माझा फोटु कुठाय?"

भिंतीवर ती माणसाएवढी टांगली होती. मान खाली, अंगावर गोधडीचं लुगडं. समोर दहाबारा पाहुणे. सर सांगत होते, "या लोकांना घड्याळ लागत नाही. सूर्य उगवला की दिवस, मावळला की रात्र." पाहुणे माना डोलवत होते. मागे उभ्या असलेल्या आईला सरांनी ओळखलंच नाही. मी पुढे झाले तेव्हा त्यांनी ओळखलं आणि हळूच मला म्हणाले, "हिला नटवून कशाला आणलंस? त्याच साडीत आणायची."

आणायची. बाजारात शेळी आणतात तशी.

मला किळस आली. सरांची, त्या डोलणाऱ्या मानांची आणि सगळ्यांत जास्त माझी. फोटोत खोटं शोधायचं तर कडेकडेनं बघा, हे सरांनीच शिकवलं होतं. मी बघितलं. उन्हानं रापलेल्या मनगटावर पांढरा पट्टा. एवढ्या मोठ्या प्रिंटमध्ये तो लपणार कुठं?

मी आईचा हात धरला आणि फोटोशेजारी नेला. "ही माझी आई. शाळेची घंटा हिच्या घड्याळावर होते. आता फोटोतलं मनगट बघा. घड्याळ यांनी काढायला लावलं, मी काढलं. लुगडं गोधडीतलं आहे."

माना डोलायच्या थांबल्या. सर म्हणाले, "तुझं वर्ष माझ्या हातात आहे."

"ठेवा तुमच्याकडंच," मी म्हणाले आणि आईला घेऊन बाहेर पडले.

पायरीवर आई थांबली. "पर माझा चांगला फोटु? पैला काढला तो?"

"तो निघालाच नव्हता, आई. नुसता फ्लॅश मारला होता. मला माहीत होतं."

तिनं मनगटावरचं घड्याळ सरळ केलं. मग म्हणाली, "म्हंजी तवा तू हसलीस, ती मला हसलीस."

वर्ष गेलं, सरांनी नापास केलं. त्याचं मला काही वाटलं नाही.

आता शिक्रापूरला माझा स्टुडिओ आहे. कारखान्यातली पोरं गावी पाठवायला फोटो काढून घेतात, त्यांना हवं तसं उभं राहतात. दारातच आईचा फोटो लावलाय. निळे काठ, हात पुढे, घड्याळात अकराला पाच कमी. तिनं मला माफ केलं का, हे मी विचारलेलं नाही, विचारणारही नाही. पुण्याहून कॅमेरे घेऊन लोक अजून आमच्या वस्त्यांत येतात. त्यांच्यातला कुणी माझ्यादेखत एखाद्या बाईला म्हणाला, घड्याळ काढा, तर त्याच्या लेन्सवर पहिला हात माझा पडेल.