माझं मौन हे व्रत नव्हतं

मंडळी, आज दुपारी देवळात महाप्रसाद होता. आमच्या पोशीर गावात मला पंगतीत कोणी बसवत नाही. माझं पान खांबामागे वेगळं मांडतात, कारण मी जेवताना बोलत नाही आणि सगळ्यांना ते व्रत वाटतं. मला 'महाराज' म्हणतात.

खरं म्हणजे पंगतीतला गलका मला सोसत नाही. गेल्या महिन्यात पनवेलच्या डॉक्टरांनी त्याला नाव दिलं, ऑटिझम. जन्मापासूनचं आहे, कळलं एकोणपन्नासाव्या वर्षी. व्रताचा मान मात्र मी वीस वर्षं निमूट घेत आलो. देवाच्या दारात ते खुपायचं.

आज भाऊकाका भात वाढायला आले तेव्हा त्यांना सगळं सांगून टाकलं.

"म्हंजे व्रत नाय?"

"नाही, काका. गोंगाटाने जीव घाबरा होतो."

"आनि आमी पोरांना तुझा दाखला देतो रं!" ते हसले. मग म्हणाले, "आता पंगतीत बसवू का तुला?"

"नको."

"बरं." त्यांनी भात वाढला आणि पंगतीकडे वळून ओरडले, "महाराजाचं व्रत नाय! त्याला आवाज सोसत नाय, जरा हळू बोला रं!"

लोक हसले, मीही हसलो. खरं सांगितलं तर खांबामागची ही जागा जाईल, असं मला इतकी वर्षं वाटत होतं. ती गेली नाही.

तुमच्या गावात कोणाला वेगळं बसायचं असेल, तर त्याला कारण द्यावं लागतं का?