बटन दाबलं अन् पणतू पायावर आला

मंगळवारी सकाळी आमच्या नांदेडकडच्या गोरेगावच्या घरी ओसरीत मी बसल्या जागी पाय वर केले... स्वतःचे स्वतः! एक बटन दाबलं, घूंऽऽ असा आवाज झाला, अन् दोन्ही पाय माझ्यापुढं सरळ लांब.

तुम्ही म्हणाल, त्यात काय एवढं. तर ऐका. तीन वर्षांखाली मी न्हाणीत पडले, कंबर मोडली, तेव्हापासून पायांत बळ नाही. मग बॅटरीची खुर्ची आली. तिच्यावर बसून मी कोपऱ्यावरच्या दुकानातून बिस्किटं आणते... कुत्री आधी भुंकायची, आता सोबत येतात. बिस्किटांसाठीच येतात म्हणा.

पण पाय सारखे खाली लोंबून दुपारपर्यंत हंड्यासारखे सुजायचे. सून मंगल हातातलं काम टाकून यायची, उचलून स्टुलावर ठेवायची. तिनं कधी तोंड वाकडं केलं नाही. पण दिवसातून सात वेळा "पाय उचल गं" म्हणायची मलाच लाज वाटायची... म्हणून मी हाकच मारायचे नाही. सूज चढली की खाटेवर, तिथंच दिवस संपला.

त्यात नात पूजा बाळंतपणाला आली. मला पणतू झाला! आमच्या गल्लीतली निम्मी लेकरं माझ्या पायांवर तेल लावून घेऊन मोठी झालीत. खाली बसायचं, पाय लांब करायचे, बाळ नडग्यांवर ठेवून चोळायचं... अन् घरच्या पणतवाला मात्र शेजारची कौसाबाई! ती माझी जुनी मैत्रीण, पण हात लई जड. बाळ असं रडायचं, अन् मी खाटेवरून ऐकायचे.

पूजानं फोनवर शोधून नांदेडचा मिस्त्री बोलावला. त्यानं माझ्या नडग्यांचं माप घेतलं, खुर्चीच्या पाय ठेवायच्या जुन्या पायट्या काढल्या, पोटऱ्यांखाली गादी बसवली, खाली पाय उचलणारी मोटर लावली. माझा व्यायाम घेणाऱ्या फिजिओबाईंनाही आधी विचारून घेतलं होतं.

सगळे सुजेचं बोलून राहिले होते. मी फक्त एक विचारलं, "बाबा, याच्यावर वजन किती चालतंय?"

"तुमच्या पायांच्या दुप्पट चालंल, आजी. फक्त पाणी लागू देऊ नका."

माझ्या मनात हिशोब झाला होता.

पहिल्यांदा बटन दाबलं तेव्हा एक घोटाळा झाला. खुर्चीचं तोंड देव्हाऱ्याकडं होतं... पाय वर वर चाललेले अन् मंगल ओरडली, "अवं आत्या, देवाकडं पाय!" मी घाबरून सगळीच बटनं दाबली. शेवटी मिस्त्र्यानंच खुर्ची वळवली अन् मी देवाला हात जोडले.

मिस्त्री गेला, अन् मी पूजाला म्हटलं, "आण बाळाला."

"आजी, घसरलं तर?"

"तू इकडून धर, मंगल तिकडून धरंल. खुर्ची बंद करते, गोधडी टाक पायांवर."

तेवढ्यात कौसाबाई तेलाची वाटी घेऊन दारात. "अगं भामे, खुर्चीत बसून कुणी लेकरू चोळतंय व्हय? रॉकेटात बसल्यावानी दिसून राहिली!"

"बस तिथं. अन् बघ," मी म्हटलं.

बाळ पायांवर आलं. पायांत बळ नाही माझ्या, पण जाणीव आहे... ती ऊब कळली. तीन वर्षांत ह्या पायांवर काही ठेवलं नव्हतं कुणी. बाळ आधी रडलं. मी छातीवरून हात फिरवला, मग पोटावरून, मग पाठ... हात काहीच विसरले नव्हते. रडू थांबलं. टकामका बघायला लागलं माझ्याकडं!

अन् मग... त्यानं कारंजं सोडलं.

"मोटर! मोटर!" पूजा किंचाळली. मी तर गारच. पण कौसाबाई अशी उठली... एवढी गुडघेदुखी असून! पदर सोडला अन् मोटरीवर दाबून धरला. नवं लुगडं होतं तिचं. खाली वाकल्या वाकल्या म्हणाली, "भामे, तुझ्या रॉकेटाची आंघोळ झाली बाई!"

सगळ्या इतक्या हसलो की बाळ पुन्हा रडायला लागलं. पूजानं बाळ उचललं, मोटर पुसली. मी भीत भीत बटन दाबलं... घूंऽऽ. चालू! पाय हळूच खाली आले.

आता वाटणी झालीय. तेल माझं, आंघोळीचं पाणी कौसाबाईचं.

आज संध्याकाळ झाली तरी मी खुर्चीतच आहे, पाय वर करून एका बोटानं हे टाइप करतेय. पूजाचे अन् त्या मिस्त्र्याचे उपकार कसे फेडू... मगाशी मंगलला हाक मारली तर ती सवयीनं पदर खोचून पाय उचलायलाच आली. म्हटलं, "पायांसाठी नाही गं. चहा झालाय, बस जरा माझ्याजवळ."