वरच्या खोलीतली डॉक्टरीण

चौबे कॉलोनीतल्या आमच्या घरी वरच्या खोलीत एक पोट्टी राहते. परदेशातून डॉक्टरी शिकून आली, पण इथल्या लायसन्सच्या परीक्षेत दोनदा नापास झाली. तिसऱ्यांदा तिनं वेगळीच रीत धरली. मी भाजी निवडायला बसले की स्टूल घेऊन यायची अन् मले एक आजार शिकवायची. आठवड्यानं तोच विचारायची. मी अडखळले की म्हणायची, "काकू, गलती माझी, मीच कच्चं शिकवलं!" वर्षभरात कावीळ, थायरॉइड, सगळं मले पाठ झालं बाई!

काल निकाल लागला. पास! आम्ही दोघी अंगणात नाचलो.

आज सकाळी पाहते तर स्टूल हजर.

"आता काहून वं?"

"पेशंट तर आता येतील ना, काकू! सांगा, मलेरिया?"

मी मेथी बाजूला सारली. म्हटलं, "आधी थंडी वाजते..."