तिसऱ्या तासाचा बिबट्या

तात्यांनी डोक्यावरची टोपी काढली, मुख्याध्यापकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हणाले, "पल्लवीचा दाखला द्या. माझी पोर आता येनार न्हाई."

दाखला म्हणजे शाळा सोडल्याचा दाखला. तो एकदा हातात पडला की पोरीचं नाव पटावरून गेलं. सातवीतल्या मुलीचा दाखला 'दुसऱ्या शाळेत घालतो' म्हणून नेतात आणि तो घरातल्या पत्र्याच्या पेटीत जाऊन बसतो. पोरगी धाकट्या भावाला सांभाळत बसते. तीस वर्षं शिकवल्यावर हे मला कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

"का हो तात्या, झालं काय?" मी विचारलं.

"बिबट्या हाय उसात. तुमाला म्या काय सांगू बाई? तुमी तर समोरासमोर हुता."

मी कुठल्या बिबट्याच्या समोरासमोर होते, ते मला काही आठवेना.

आता थोडं मागचं सांगते, म्हणजे तुम्हाला लिंक लागेल. आमची शाळा नेवासा तालुक्यातली, गावापासून जरा बाजूला. तीन बाजूंनी ऊस, चौथ्या बाजूला रस्ता, तोही उसातूनच जाणारा. मी सहावी-सातवीला विज्ञान शिकवायचे. निवृत्तीला दीड वर्ष राहिलं होतं. माझ्या वेळच्या डी.एड.ला कॉम्प्युटर नव्हता, तेव्हा पेनड्राइव्ह कुठल्या बाजूनं घालायचा इथपासून सगळं मी माझं मीच शिकले. सून म्हणायची, "आई, दोनदा उलटा घातल्यावर तिसऱ्यांदा जातोच तो." तेवढंच माझं ट्रेनिंग.

शाळेला मोठा टीव्ही मिळाला होता. मुख्याध्यापक सरांनी त्याची पूजा केली, हार घातला आणि त्याचं प्लास्टिक काही काढू दिलं नाही. सहा महिने तो कुलपातल्या कपाटात होता. कुणी साहेब आले की बाहेर यायचा, फोटो झाला की परत आत. मी रोज भुणभुण लावली तेव्हा बुधवारचा तिसरा तास मला मिळाला. प्लास्टिकसकट.

गावात इंटरनेटला रेंज नाही. म्हणून रविवारी शहरात, सावेडीला मुलाकडं गेले की वायफायवर बसून मी आठवड्याचे व्हिडिओ उतरवून आणायचे. ज्वालामुखी, फुलपाखराचा कोष, कचऱ्याचं खत. पोरं डोळे न मिटता बघायची. ज्या पोरांना पुस्तकातला कोष कळला नव्हता, त्यांनी दुसऱ्या दिवशी लिंबाच्या झाडावरून खरा कोष आणून माझ्या टेबलावर ठेवला. मला आणि काय पाहिजे?

त्या बुधवारी धडा होता परिसरातल्या वन्यजीवांचा. आमच्याकडच्या पोरांना बिबट्या आजीकडून माहीत असतो. बैलाएवढा, डोळ्यांतून जाळ, वाघासारखी डरकाळी. म्हटलं, खरं दाखवू. बिबट्या वाघासारखी डरकाळी फोडत नाही. तो जी हाक देतो ती करवतीनं लाकूड कापल्यासारखी असते, खर्रऽ खर्रऽ, श्वास आत, श्वास बाहेर. हे सांगून कळत नाही, ऐकावंच लागतं.

पण टीव्हीचा आवाज बारीक. वर पंखा खडखडतोय. मागच्या बाकांवरून ओरडा, "बाई, ऐकू येईना." मग मी टीव्हीची वायर प्रार्थनेच्या अ‍ॅम्प्लिफायरला जोडली. अ‍ॅम्प्लिफायर म्हणजे आवाज मोठा करायचा डबा. त्याला दोन बटणं. एक वर्गातल्या स्पीकरचं, एक छपरावरच्या भोंग्याचं. मला त्यातलं एकच ठाऊक होतं. दुसरं कुणीतरी प्रार्थनेनंतर चालूच ठेवलं होतं.

बिबट्या ओरडला. पोरं खूश. "बाई, परत." परत लावला. असा पाच वेळा. मधे मधे मी प्रार्थनेचाच माईक हातात घेऊन शिकवत होते.

आता गुरुवारच्या तात्यांकडं येते. ते सांगत होते, "पाच डाव वराडला. मधीच तुमचा आवाज. 'शांत बसा, घाबरायचं काही कारण नाही, नीट ऐका.' आमच्या म्हातारीनं तर गोठ्यातनंच हात जोडले. म्हनली, बाईनं पोरं वाचवली. लई धीराच्या तुमी."

मी सरांकडं बघितलं. सर छताकडं बघत होते. छताच्या वर भोंगा होता.

"तात्या," मी म्हटलं, "अहो तो टीव्हीतला बिबट्या होता. मीच लावला होता."

तात्यांनी माझ्याकडं फार मायेनं बघितलं. "ऱ्हाऊ द्या बाई. मोठी मानसं मोठेपना सांगत न्हाईत."

"पल्लवीला विचारा की. ती वर्गात होती."

"इचारलं. ती बी टीव्ही टीव्हीच करती. टीव्हीतला आवाज शिवारात येतो व्हय? घाबरून बोलती पोर."

त्या दिवशी माझ्या वर्गात एकतीसपैकी बारा पोरं होती. वस्तीवरून उसातून येणाऱ्या मुली तर एकही नाही. मुलगे दोन दिवसांनी येतील, हे मला माहीत होतं. मुलींचं तसं नसतं. मुलगी घरी ठेवायला एक कारण लागतं, आणि ते कारण मी त्यांना भोंग्यावरून दिलं होतं.

"दाखल्याचं पुस्तक संपलंय तात्या," मी म्हटलं. "सोमवारी या."

"पुस्तक आहे की बाई, कपाटात—" सर म्हणाले.

"संपलंय, सर."

तात्या गेल्यावर सर म्हणाले, "बाई, आता गप्प बसा. भोंग्याचं वर कळलं तर गैरवापर म्हणतील आणि टीव्ही परत नेतील. एवढा जपला मी तो."

तोवर गाव कुठच्या कुठं गेलं होतं. सरपंच आण्णांनी वनखात्याला फोन केला, पिंजरा मागितला. मागं एकदा खरा बिबट्या आला तेव्हा चार अर्ज करूनही पिंजरा आला नव्हता. टीव्हीतल्या बिबट्याला तो तिसऱ्या दिवशी टेम्पोतून हजर. शाळेच्या मागं, आंब्याखाली ठेवला. आतल्या कप्प्यात आमिषाची शेळी, बाहेरच्या भागात बिबट्यानं यायचं. फळीवर पाय पडला की दार खाली येतं. आण्णांनी पिंजऱ्याला हात लावून फोटो काढला. शेळीनंही फोटो काढून घेतला.

मी वनरक्षकांना गाठलं. शिंदे त्यांचं नाव, माणूस सज्जन. त्यांना सगळं सांगितलं, अगदी बटणासकट. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि खिशातून एक कागद काढला.

"बाई, हा फॉर्म बघा. बिबट्याची उपस्थिती कशावरून. ठसे, विष्ठा, शिकार, आवाज. मी आवाजावर खूण केलीय. पंधरा जणांच्या सह्या आहेत."

"पण तो टीव्हीचा आवाज."

"फॉर्ममध्ये टीव्हीचा रकाना नाही."

"मग रद्द करा."

"बिबट्या आला, याचा फॉर्म आहे. आलाच नव्हता, याचा फॉर्म नाही बाई." जरा थांबून म्हणाले, "गेला, याचा आहे."

तेव्हा मी ते ऐकून सोडून दिलं. नंतर उपयोगाला आलं.

संध्याकाळी आण्णा आले. शनिवारी सकाळी शाळेच्या पटांगणात माझा सत्कार ठेवला होता. "शाल, श्रीफळ, फ्लेक्स. न्हाई म्हनू नका. तालुक्यातनं दोन मानसं येनार हायेत."

"आण्णा, मी काही केलं नाही. टीव्ही लावला, एवढंच."

"बाई, तुमी टीव्ही म्हना, न्हाईतर देव म्हना. पोरं वाचली का न्हाई?"

पोरं वाचली होती हे खरंच होतं.

शनिवारी फ्लेक्स बघितला. 'शूर शिक्षिका'. एका बाजूला माझा चाळिशीतला फोटो, दुसऱ्या बाजूला आण्णांचा त्याहून मोठा, आणि मधे वाघ. पट्ट्यांचा. बिबट्याला ठिपके असतात, पट्टे नसतात, हे मी त्याच गावाला सव्वीस वर्षं शिकवत होते. फ्लेक्स करणारा माझाच विद्यार्थी. मला शूर म्हटल्याचं एवढं वाईट वाटलं नाही.

सगळं गाव आलं. वस्तीवरच्या बाया ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून आल्या. तात्या पुढच्या रांगेत, त्यांच्या पुढ्यात माझा वर्ग, त्यात पल्लवी. सोमवार परवावर आला होता. म्हटलं, तोंडानं सांगून झालं, कुणाला पटत नाही. कानानं झालेला घोळ कानानंच सुटायचा.

शाल घेतली, नारळ घेतला, माईक हातात घेतला. टीव्ही सकाळीच व्हरांड्यात आणून ठेवला होता, वायर जोडली होती. म्हटलं, आधी सांगावं, म्हणजे कुणी दचकणार नाही. आणि मी म्हणाले, "आता मी तुम्हाला तोच बिबट्या ऐकवणार आहे. शांत बसा, घाबरायचं काही कारण नाही."

इथं माझी चूक झाली. बुधवारी गावानं बिबट्याच्या मधे मधे हेच वाक्य ऐकलं होतं. माझ्या तोंडून ते निघालं तशा दोन बाया उभ्या राहिल्या. मी टीव्ही चालू केला आणि वर भोंगा गरजला. खर्रऽ खर्रऽ.

पुढचं एक मिनिट मी जन्मात विसरणार नाही. खुर्च्या आडव्या. ट्रॉलीवर एवढी माणसं चढली की तिचं तोंड वर झालं. तालुक्याची दोन माणसं आपल्या गाडीत बसून काचा वर करून मोकळी झाली. शिंदे वनरक्षक टेम्पोच्या टपावर. मुख्याध्यापक सर टीव्हीला मिठी मारून उभे. आणि आण्णा? आण्णांनी सगळ्यात विचार करून जागा निवडली. बिबट्यापासून वाचायला गावात लोखंडी अशी एकच खोली होती. ते पिंजऱ्यात शिरले, फळीवर पाय पडला, दार खाली आलं.

पटांगणात फक्त माझा वर्ग बसून होता. एकतीसच्या एकतीस पोरं मांडी घालून, टीव्हीकडं तोंड करून. एक जण म्हणालासुद्धा, "बाई, परत."

पल्लवी उठली. शांतपणे व्हरांड्यात आली आणि अ‍ॅम्प्लिफायरचं दुसरं बटण दाबलं. भोंगा गप्प. टीव्हीत बिबट्या तोंड उघडून ओरडतोय, पण आवाज व्हरांड्यापुरता. तिनं बटण परत दाबलं. शिवारभर खर्रऽ. परत दाबलं. गप्प.

"तात्या," ती बापाला म्हणाली, "बघा. बंद. चालू. बंद."

तात्या ट्रॉलीवरून उतरले. टीव्हीजवळ आले. स्वतः बटण दाबून बघितलं, चालू, बंद. मग टीव्हीच्या मागं वाकून बघितलं. मागं कुणी नव्हतं.

"म्हंजी," ते सावकाश म्हणाले, "दोन रोज म्या मशी बाहेर सोडल्या न्हाईत, ते ह्याच्यापायी?"

पहिली हसली ती त्यांची म्हातारी. मग सगळ्या बाया. मग कुणीतरी विचारलं, "आण्णा कुठं हायेत?"

"आधी दार उघडा," आंब्याखालून आवाज आला. "अन् मोबाईल खिशात घाला रे."

दार उघडायला वेळ लागला. शिंदे टपावरून उतरायलाच तयार नव्हते. तोवर शेळीनं जाळीतून मान घालून आण्णांच्या गळ्यातला हार खाल्ला.

मग ऑफिसात चहा झाला. गाव हसलं ते हसलं, पण आण्णांचा चेहरा उतरला होता. फ्लेक्स लागलेला, पिंजरा आलेला, सह्या झालेल्या. टीव्हीची ही गोष्ट बाहेर कळली तर पुढच्या खेपेला खऱ्या बिबट्यालाही पिंजरा मिळायचा नाही, आणि त्यांचं ते म्हणणं खरं होतं. सरांना टीव्हीची काळजी. शिंद्यांना फॉर्मची.

"शिंदेसाहेब," मी म्हटलं, "तो गेल्याचा फॉर्म आहे म्हणाला होतात ना?"

त्यांनी पिशवीतून काढला. 'पाहणी केली असता बिबट्याचे अन्यत्र स्थलांतर झाल्याचे आढळून आले.' पंधरा सह्या तिथल्या तिथं झाल्या. सोळावी आण्णांची.

तात्या दारात उभे होते. "बाई, मग उसात बिबट्या नसतोच म्हना की."

"असतो," मी म्हटलं. "म्हणूनच तर शिकवत होते." खोटा गेला म्हणून खरा नाही, असं सांगून कसं चालेल? पोरींनी एकटं यायचं नाही, घोळक्यानं यायचं, मोठ्यानं बोलत यायचं, काठीला घुंगरू बांधायचं, उसाच्या कडेला एकटं वाकून बसायचं नाही. हे सगळं व्हिडिओत पुढं होतं. पाच वेळा बिबट्या ऐकण्यात तास संपला आणि तेवढंच राहून गेलं होतं.

सोमवारी तात्या आले. म्हटलं, आले दाखल्याला. पण ते पल्लवीला सोडायला आले होते. तिच्याबरोबर वस्तीवरच्या नऊ मुली, उसातून पाढे म्हणत आलेल्या. एकोणतीसचा पाढा दोन शेतांवरून ऐकू येत होता. म्हटलं, एवढ्यानं कुठलाही बिबट्या जाईल. जाताना तात्यांनी हळूच विचारलं, "दाखल्याचं पुस्तक आलं का?"

"नाही आलं."

"न येऊ द्या," ते म्हणाले.

पुढच्या बुधवारी शिंद्यांना तिसऱ्या तासाला बोलावलं आणि तो व्हिडिओ शेवटपर्यंत दाखवला. महिन्याभरात शेजारच्या गावानं पिंजऱ्यासाठी अर्ज केला. कारण काय, तर आमच्या गावचा बिबट्या 'अन्यत्र' गेल्याचं सरकारी कागदावर होतं, आणि अन्यत्र म्हणजे तेच. पिंजरा टेम्पोत चढला, शेळी चढेना. पोरांनी खिचडी घालून तिला दुप्पट केली होती.

शाल परत द्यायला गेले तर आण्णा म्हणाले, "ऱ्हाऊ द्या, रजिस्टरात सत्कार झाल्याची नोंद हाय." ती सावेडीला कपाटात आहे, हिवाळ्यात कामाला येते.

अ‍ॅम्प्लिफायर अजून शाळेत आहे म्हणतात. दुसऱ्या बटणावर पल्लवीनं चिकटपट्टी लावून बॉलपेननं 'बिबट्या' लिहिलं होतं. नवीन बाई आल्या की त्यांना आधी तेच दाखवतात. विज्ञानाचा कुठलाही व्हिडिओ लावण्याआधी दोन गोष्टी बघाव्यात, असं मीही सगळ्यांना सांगते. एक, व्हिडिओ शेवटपर्यंत. दोन, ते बटण.