पत्रकाखालचं माझं नाव

"हा काळा तुमचा कोण लागतो? चुलता?"

अध्यक्षांनी पत्रक दोन बोटांत धरून विचारलं. दुकानात मंडळाची तीन-चार माणसं पुस्तकं चाळत होती. ती हसली.

हॅनोव्हरमधलं माझं पुस्तकांचं दुकान या गृहस्थांच्या जागेत आहे. आमच्या मराठी मंडळाचे ते अध्यक्ष. पत्रक मी छापलं होतं, माझ्या मित्रासाठी. कोफीसाठी. ट्रामच्या थांब्यावर एक माणूस हिजाब घातलेल्या बाईला शिव्या देत होता. कोफी मध्ये पडला. त्या माणसाने त्याला भोसकलं. पत्रकावर कोफीचा फोटो, निर्वासितांसाठी तो कसा झगडला, कसा मारला गेला. एका बाजूला जर्मन, दुसऱ्या बाजूला मराठी. खाली आपल्याकडे छापतात तसं 'शोकाकुल' आणि माझं नाव, दुकानाचं नाव.

"शोकाकुल घरचे असतात. सुतक धरलंय का तुम्ही?" पुन्हा हशा. मग आवाज उतरवून, "तुमच्या लोकांना प्रत्येक मढ्यात आपला माणूस दिसतो. दुकानाचं नाव आलं की माझी जागा आली. खालची पट्टी कापा. आत्ता."

तुमचे लोक. आडनावावरून गाव, गावावरून आळी, असं विचारत माझी जात त्यांनी पहिल्याच भेटीत काढली होती.

मी हिशेबी माणूस. जागा गेली की दुकान गेलं. दुकान गेलं की व्हिसा. मग मुलीची शाळा. हात कात्रीकडे गेला. दोनशे पत्रकं. ते उभे राहून बघत होते. माझं नाव टोपलीत पडत होतं.

एका घरमालकाने मला तोंड बघून घर नाकारलं होतं, तेव्हा याच कोफीने माझ्या बाजूने साक्ष दिली होती. सहीनिशी.

घरी बायको म्हणाली, "अहो, कापलंत ते बरं केलंत. आपण जाणार कुठे?" तिचं चुकलं नव्हतं.

शोकसभेत कोफीची आई पुढे बसली होती. तिने पत्रक शेवटपर्यंत वाचलं. उलटलं. कापलेल्या कडेवरून अंगठा फिरवला.

"हे लिहिलंय कोणी?" तिने जर्मनमध्ये विचारलं.

"मी."

"मग नाव का नाही?"

आजवर लोकांनी माझं नाव विचारलं ते जात काढायला. ही बाई मेलेल्या मुलाचा मित्र शोधत होती. मी तिला नाव सांगितलं. पूर्ण. आडनावासकट.

दुसऱ्या दिवशी पत्रक खालच्या पट्टीसह पुन्हा छापलं आणि दुकानाच्या काचेवर लावलं. अध्यक्षांचा फोन आला.

"जागा रिकामी करा."

"लेखी द्या. कारणासकट."

"फार शहाणे झालात!"

लेखी अजून आलेलं नाही. येईल. व्हिसाची मुदत संपत आली आहे. बायको माझ्याशी मोजकं बोलते. रोज आधी टपालाची पेटी बघतो. मग कुलूप उघडतो. पत्रक नकोच असेल, तर त्यांनी स्वतः यावं आणि गिऱ्हाइकांदेखत फाडावं. माझ्या हातून ते काम आता होणार नाही.